शोधेल त्याला सापडत नाही

‘इंटरनेटवर सगळं फुकट पडलं आहे. ज्याला खरंच शिकायचं असतं तो शोधून काढतोच. जो शोधत नाही, त्याला शिकायचंच नसतं.’

ही तीन वाक्यं मी आजवर अनेकांच्या तोंडून ऐकली आहेत. अलीकडे ऐकली ती कस्तुरबा गांधी मार्गावर, महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये. दिल्लीत राहणाऱ्या आम्हा काही मराठी मंडळींत विषय निघाला होता तो असा: वेबसाइट उभारायला ‘ड्रुपल’ नावाची जी व्यवस्था वापरतात, तिची अगदी पहिल्या पायरीपासूनची शिकवणी मराठीत तयार करावी आणि तिची सुरुवात दिल्लीत शिकायला आलेल्या मराठी मुलांपासून करावी. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी हा प्रस्ताव वरच्या तीन वाक्यांत निकालात काढला. त्यांचं उभं आयुष्य संगणकाच्या क्षेत्रात गेलं आहे, कित्येकांना त्यांनी स्वतः शब्द टाकून नोकरीला लावलं आहे, आणि त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि त्यात आपल्या माणसांचं नुकसान आहे. तिथे बसलेल्या बहुतेकांनी माना डोलावल्या, म्हणून हे उत्तर लिहून देतो आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेबसाइटवर रोज नवा मजकूर चढवायचा, तो वर्गवार लावायचा, कोणी काय लिहावं आणि कोणी काय तपासावं हे ठरवायचं, जुनं सगळं हवं तेव्हा शोधता यावं अशी सोय ठेवायची, ही सगळी कामं करणारा तयार सांगाडा म्हणजे ड्रुपल. बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्ट यांनी तो विद्यार्थिदशेत लिहायला घेतला आणि जानेवारी 2001 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. परवान्याला पैसे पडत नाहीत, आतली प्रत्येक ओळ वाचता येते, बदलता येते. मराठी वाचकाला हे नाव परकं वाटेल, पण ती वस्तू परकी नाही. मायबोली, मनोगत, मिसळपाव, उपक्रम, ऐसी अक्षरे या संकेतस्थळांवर ज्यांनी कधी काही वाचलं असेल, त्यांनी पत्त्याच्या पट्टीत ‘नोड’ हा शब्द आणि त्यापुढे एक आकडा पाहिला असेल. ती ड्रुपलची खूण. मराठी माणूस इंटरनेटवर मराठीत भरभरून लिहायला लागला तो मोठ्या प्रमाणात याच सांगाड्याच्या आधाराने. तेव्हा ‘हे आपल्याला कशाला हवं’ हा प्रश्न निदान मराठीत तरी विचारू नये.

आता पहिलं वाक्य घेऊ: सगळं फुकट पडलं आहे. पडलं आहे हे खरं. अडचण तिथूनच सुरू होते. ड्रुपलची सातवी आवृत्ती 5 जानेवारी 2011 ला आली आणि तिचा अधिकृत आधार 5 जानेवारी 2025 ला संपला. चौदा वर्षं जगभरच्या माणसांनी तिच्यावर धडे लिहिले, व्हिडिओ केले, पुस्तकं छापली. मधल्या काळात, नोव्हेंबर 2015 मध्ये, आठवी आवृत्ती आली आणि तिने आतली जवळपास सगळी मांडणी बदलली. आज शिकायचं ते दहाव्या-अकराव्या आवृत्तीवर, आणि या आवृत्त्या आठवीच्या वंशातल्या आहेत, सातवीच्या नव्हेत. पण इंटरनेटवरचा तो चौदा वर्षांचा ढीग कोणी उचललेला नाही. नवशिक्या शोधायला बसला की त्याच्या हाती आधी तोच लागतो, कारण तो मोठा आहे, जुना आहे आणि वर्षानुवर्षं लोक त्याचेच दाखले देत आले आहेत.

यातून काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. परभणीकडचा एक मुलगा जुन्या राजेंद्रनगरात राहतो. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे त्याचे प्रयत्न संपले. शिक्षण पदवीपर्यंत मराठी माध्यमात. दिल्लीत अशी शेकड्यांनी मराठी मुलं आहेत. हुशार, नेटाने अभ्यास करणारी, आणि परीक्षा संपल्यावर हातात एकही कसब नसलेली. याने ठरवलं की वेबसाइट उभारायला शिकायचं आणि पहिली वेबसाइट गावच्या वाचनालयाची करायची. ड्रुपलची ताजी आवृत्ती त्याने बसवली. पुस्तकांना क्रमांक देण्यासाठी एक जादा मॉड्यूल, म्हणजे ड्रुपलला वरून जोडायचा सुटा भाग, हवं होतं. एका नीटनेटक्या, सविस्तर इंग्रजी धड्यात सांगितल्याप्रमाणे त्याने ते उतरवून घेतलं, सांगितलेल्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि मॉड्यूलांची यादी उघडली. यादीत ते नव्हतं. पुन्हा उतरवलं, पुन्हा ठेवलं. नाहीच. चूक कुठे झाली हे सांगणारी एक ओळसुद्धा पडद्यावर आली नाही.

कारण अगदी साधं होतं. सातव्या आवृत्तीत प्रत्येक मॉड्यूलची ओळख सांगणारी फाइल ‘डॉट इन्फो’ या शेपटाची असे. आठवीपासून ती ‘डॉट इन्फो डॉट वायएमएल’ झाली. नवी आवृत्ती फक्त हे नवं शेपूट शोधते. जुनं मॉड्यूल समोर ठेवलं तरी ते तिच्या लेखी तिथे नसतंच, म्हणून ती काही बोलतही नाही. जाणत्याला हे अर्ध्या मिनिटात कळतं. या मुलाला ते कळायला कोणताच मार्ग नव्हता, कारण धड्यावर आवृत्तीचा उल्लेख नव्हता, तारीख नव्हती, आणि आवृत्ती नावाची गोष्ट आधी तपासायची असते हेच त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याने निष्कर्ष काढला तो स्वतःबद्दल: आपल्याला हे जमणार नाही.

आता आमच्या स्नेह्यांचं तिसरं वाक्य या मुलाला लावून पाहावं. जो शोधत नाही त्याला शिकायचंच नसतं. या मुलाने शोधलं होतं. चिकाटीने शोधलं होतं. सापडलं ते मेलेल्या आवृत्तीचं. शोधण्याची जबाबदारी नवशिक्यावर टाकताना आपण हे विसरतो की सापडलेल्यातलं चालू कोणतं आणि कालबाह्य कोणतं हे ओळखायला आधी तो विषय यावा लागतो. जे शिकून झाल्यावर येतं, ते शिकण्याआधी यावं अशी ही अपेक्षा आहे.

ज्या रस्त्यावर बसून हे बोलणं झालं त्या रस्त्याकडेच पाहू. कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड. महाराष्ट्र सदनाची नवी इमारत 2013 पासून इथे आहे. याच रस्त्यावर 3 क्रमांकाला जर्मन शिकवणारं मॅक्समुल्लर भवन आहे, 17 क्रमांकाला ब्रिटिश कौन्सिल, 24 क्रमांकाला अमेरिकन सेंटर. ब्रिटिश कौन्सिलची इमारत आपल्या मुंबईच्या चार्ल्स कोरियांनी उभी केली. दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांनी काळ्या-पांढऱ्या दगडात केलेलं वडाचं झाड आहे, ते जाता-येता थांबून पाहण्यासारखं आहे. पण मला सांगायचं आहे ते आत काय चालतं त्याबद्दल.

मॅक्समुल्लर भवनात जर्मनचं एक अक्षरही न येणारा माणूस गेला तर त्याला कोणी ग्रंथालयाकडे बोट दाखवून ‘सगळं तिथे आहे, ज्याला शिकायचं तो शिकतो’ असं म्हणत नाही. त्याला ‘ए वन’ या पहिल्या पायरीवर बसवतात. युरोपीय परिषदेने 2001 मध्ये भाषाशिक्षणासाठी सहा पायऱ्यांची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात प्रत्येक पायरीवर माणसाला काय करता आलं पाहिजे हे लिहून ठेवलं आहे. पहिल्या पायरीवर स्वतःची ओळख करून देणं, कुठे राहता असं विचारणं, साधा अर्ज भरणं. एवढंच. पुढचं पुढे. जर्मन भाषेत ग्रंथांची वाण आहे म्हणून हे करावं लागतं असं नाही. ग्रंथ अफाट आहेत, म्हणूनच पायऱ्या बांधाव्या लागल्या. ज्या समाजांना आपली भाषा दुसऱ्यांनी शिकावीशी वाटते, ते नवशिक्याला स्वीकारायची तयारी स्वतः करतात, त्यासाठी इमारती बांधतात, शिक्षक नेमतात. आपल्या मुलांना एखादं कसब यावं असं आपल्याला वाटत असेल, तर तयारीचं ओझं त्यांच्याच डोक्यावर ठेवून आपण कँटीनमध्ये बसून राहणं मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप त्या बैठकीत आला तो भाषेचा. संगणकाची भाषा इंग्रजीच, तेव्हा आधी इंग्रजी शिका, मराठीत शिकवून मुलांना आणखी मागे लोटू नका. हा मुद्दा गंभीर आहे आणि त्यात काळजी आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

मॉड्यूल, थीम, फील्ड, सर्व्हर हे शब्द बदला असं कोणीच म्हणत नाही. ते आहेत तसे देवनागरीत लिहावेत, मुलं ते तसेच बोलतात. प्रश्न आहे तो या शब्दांच्या मधल्या मजकुराचा. ‘हे का करायचं’, ‘हे केलं नाही तर काय होईल’, ‘इथे अडलास तर आधी काय तपास’ हे समजावणं ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत झालं तर ते पहिल्यांदा ऐकल्यावर कळतं. परक्या भाषेत तेच ऐकलं तर डोक्याचा अर्धा वेळ वाक्य उलगडण्यात जातो आणि उरलेल्या अर्ध्यात नवी कल्पना मावत नाही. इंग्रजी पुढे लागणारच, आणि हातात चालती वेबसाइट असलेला मुलगा ते इंग्रजी जास्त लवकर शिकेल, कारण त्याला काय वाचायचं आहे ते माहीत असेल.

पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. मराठी वेबसाइट उभारायला जे ज्ञान लागतं त्यातलं काही इंग्रजी धड्यांत कधी येतच नाही, कारण इंग्रजी वेबसाइटला ते लागत नाही. एकच उदाहरण देतो. ड्रुपलच्या गाभ्यात मजकूर शोधण्याची सोय असते. किमान किती अक्षरांचा शब्द सूचीत घ्यायचा याचं तिथे एक सेटिंग आहे आणि ते मुळात 3 वर ठेवलेलं असतं. इंग्रजीला हे सोयीचं. ‘ऑफ’, ‘इन’, ‘टू’ असे दोन अक्षरी किरकोळ शब्द गळून पडतात. मराठीत काय गळतं? आई. घर. मन. ऊस. वड. पाणी मात्र राहतं, कारण यंत्र प, काना, ण आणि वेलांटी असे चार वेगवेगळे घटक मोजतं. म्हणजे गावच्या वाचनालयाची वेबसाइट तुम्ही हौसेने बनवलीत, तिच्यात कवितांची पुस्तकं टाकलीत, आणि कोणी ‘आई’ हा शब्द शोधला तर वेबसाइट त्याला आणखी मोठा शब्द टाक म्हणून परत पाठवते.

यावरचा इलाज सोपा आहे. कॉन्फिगरेशनमधल्या ‘सर्च पेजेस’ या पानावर जायचं, 3 चे 2 करायचे आणि सगळ्या मजकुराची सूची नव्याने बांधून घ्यायची. काम पाच मिनिटांचं. पण हे कुठल्या इंग्रजी धड्यात पहिल्या पानावर असेल? नसेलच, आणि त्या लेखकांचा त्यात दोष नाही. हे लिहायचं काम मराठी माणसाचंच आहे. म्हणून मी मराठी शिकवणी म्हणतो तेव्हा इंग्रजी धड्यांचं भाषांतर म्हणत नाही. दुसऱ्या कोणाला सुचणारही नाहीत अशा अडचणींची उत्तरं तिच्यात असायला हवीत.

‘आम्हाला कोणी मराठीत शिकवलं होतं? आम्ही शिकलोच ना?’ हेही त्या दिवशी ऐकावं लागलं. शिकलात, आणि त्याबद्दल आदर आहे. पण जे पोहोचले तेच आज हे सांगायला उरले आहेत. जे वाटेत थांबले ते अशा बैठकींना येत नाहीत आणि त्यांची गणती कोणी ठेवत नाही. वर मी ज्या मराठी संकेतस्थळांची नावं घेतली, त्यांतलं सगळ्यांत जुनं मायबोली 1996 मध्ये अमेरिकेतल्या मराठी माणसांनी सुरू केलं. त्या पिढीने मराठीसाठी जे केलं ते विसरण्यासारखं नाही. पण ती पिढी इंग्रजीत शिकलेली होती, बहुतेकांच्या हाताशी संगणक होता, कामाच्या ठिकाणी विचारायला माणसं होती. त्यांच्या नंतर लातूर, यवतमाळ, सिंधुदुर्गातून पुढची फळी उभी राहायला हवी होती. लिहिणारे त्या जिल्ह्यांतून आले, भरपूर आले. उभारणारे फारसे आले नाहीत. मराठीत लिहिण्याची वाट मोकळी झाली, पण मराठी वेबसाइट बांधण्याची वाट इंग्रजीतूनच जात राहिली, हे मला त्याचं मुख्य कारण दिसतं.

आणि खडतर वाटेने माणूस घडतो हे तत्त्व खुद्द ड्रुपलवाल्यांनीही शेवटी सोडून दिलं आहे. वर्षानुवर्षं ड्रुपल शिकायला अवघड म्हणून ओळखलं जात होतं. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून ते बसवायचं, मग एकेक मॉड्यूल जोडत जायचं, आणि बराच वेळ गेल्यावर पहिलं पान बरं दिसायचं. 15 जानेवारी 2025 ला त्यांनी ‘ड्रुपल सीएमएस’ नावाची वेगळी मांडणी बाहेर काढली ती ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही अशा माणसांसाठी. चोवीस वर्षांच्या अनुभवानंतर ज्याने वस्तू बनवली तोच दार रुंद करतो आहे, आणि आपण मात्र अरुंद दाराचं कौतुक करत बसतो.

आणखी एक मुद्दा हल्ली सगळीकडे येतो: आता एआयला विचारलं की झालं. मी स्वतः एआय वापरतो आणि त्याचा उपयोग नाकारत नाही. पण ते ज्या ढिगावर शिकलं आहे त्यात सातव्या आवृत्तीची ती चौदा वर्षंही आहेत. आवृत्ती न सांगता प्रश्न विचारला तर एकाच उत्तरात दोन आवृत्त्यांची सरमिसळ होते, आणि ते उत्तर अत्यंत आत्मविश्वासाने दिलेलं असतं. शिवाय प्रश्न विचारायलाही शब्द लागतात. ‘माझं मॉड्यूल यादीत दिसत नाही’ एवढं परभणीचा तो मुलगा विचारू शकला असता. ‘माझी आवृत्ती अकरा आहे आणि धडा सातचा आहे, हे जुळतं का’ हे विचारायला त्याला आधी कोणीतरी पहिला धडा द्यायला हवा होता. तो धडा मिळालेल्या माणसाच्या हाती एआय फार कामाचं ठरतं.

वेबसाइट उभारायच्या दुसऱ्या एका व्यवस्थेचं, वर्डप्रेसचं, नावही निघालं, ते रास्त आहे. 27 मे 2003 ला पहिल्यांदा आलेलं वर्डप्रेस शिकायला सोपं आहे, आणि एखाद्या मंडळाला चार पानं आणि गणेशोत्सवाचे फोटो लावायचे असतील तर त्याने खुशाल तेच घ्यावं. पण पुस्तकं, लेखक, प्रकाशक, वाचक, देवघेव असे एकमेकांत गुंतलेले तपशील सांभाळायचे असतील तर ड्रुपलची बैठक जास्त पक्की आहे असं माझं मत आहे. आणि या लेखातला मुद्दा वर्डप्रेसलाही जसाच्या तसा लागू पडतो.

हे काम मराठीत होऊ शकतं का, अशी शंका ज्यांना आहे त्यांनी पवईकडे पाहावं. मुंबई आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचा एक धडा. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि अर्ध्या भागात ते सॉफ्टवेअर. धड्यात एक कृती दाखवली की थांबायचं, तीच कृती आपण करायची, मग पुढे जायचं. पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच ठेवायची आणि बोलणं मात्र मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत. वर भाषेबद्दल मी जे म्हणालो ते या लोकांनी कधीच करून दाखवलं आहे. ड्रुपलवरही त्यांची मालिका आहे. त्याच पवईच्या आवारात फेब्रुवारी 2016 मध्ये ड्रुपलचं आशियातलं मोठं संमेलन भरलं होतं आणि ड्रीस बॉयटार्ट स्वतः तिथे बोलले होते. पुण्यात तर ड्रुपलवर ज्यांची रोजीरोटी चालते अशी माणसं भरपूर आहेत. म्हणजे जाणकार आहेत, शिकवण्याची पद्धत तयार आहे, गरजू मुलं आहेत.

मग कमी काय पडतं? त्या मालिकेकडेच पाहिलं की ध्यानात येतं. ती आठव्या आवृत्तीच्या काळातली. आठवीचा आधार नोव्हेंबर 2021 मध्ये संपला. त्यातल्या कल्पना आजही खऱ्या आहेत, पण पडदे बदलले, बटणांच्या जागा बदलल्या, बसवण्याची रीत बदलली. धडा एकदा तयार करायला निधी मिळतो, कौतुक होतं. तो दरवर्षी चालता ठेवायला कोणी पैसे देत नाही आणि त्याचा उद्घाटन समारंभही होत नाही. आपल्याकडची बरीच चांगली कामं याच जागी अडली आहेत.

युरोपातल्या आणि इतर काही भाषांनी हे कसं केलं तेही पाहावं. ड्रुपलची एक अधिकृत मार्गदर्शक पुस्तिका आहे. तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वेबसाइट घडवत नेली आहे, एका गावच्या शेतकरी बाजाराची. बाजारात माल आणणारे शेतकरी आपापलं पान स्वतः भरतात, पाककृती टाकतात, आणि हे करता करता शिकणाऱ्याला सगळ्या मुख्य कल्पना कळत जातात. ही पुस्तिका हंगेरियन, कातालान, फारसी अशा भाषांत स्वयंसेवकांनी उतरवली आहे. कातालान बोलणारे एक कोटीच्या आसपास आहेत. मराठी मातृभाषा सांगणारे 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख होते. आमच्या स्नेह्यांना मी नम्रपणे विचारतो: कातालान माणसाला इंग्रजी येत नाही म्हणून त्याने हे केलं असेल का? बार्सिलोनात ड्रुपलवर काम करणाऱ्याला इंग्रजी बहुधा उत्तमच येत असणार. आपल्या भाषेत हे असलं पाहिजे असं त्याला वाटलं, म्हणून त्याने केलं.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत इथे दिल्लीत, तालकटोरा स्टेडियमवर, 98 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मराठी ज्ञानभाषा व्हावी ही इच्छा आता व्यासपीठांवरून सतत बोलली जाते. मला ती इच्छा खरी वाटते, माझीही तीच आहे. ज्या बैठकीत आम्ही अभिमानाने संमेलनाच्या आठवणी काढल्या, त्याच बैठकीत या शिकवणीची, म्हणजे जेमतेम बारा धड्यांची, मागणी अनावश्यक ठरवली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

बारा धडे. यापेक्षा मोठं काही मी मागत नाही. उदाहरण गावच्या वाचनालयाचं घ्यावं, कारण महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली हजारो वाचनालयं चालतात आणि मराठी मुलाने दाखल नोंदवही पाहिलेली असते. त्या नोंदवहीत एका पुस्तकासाठी एक ओळ असते आणि ओळीत रकाने असतात: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत. ड्रुपलमध्ये नोंदवहीच्या नमुन्याला ‘कंटेंट टाइप’ म्हणतात, रकान्याला ‘फील्ड’, आणि ‘कादंबऱ्याच काढून दाखवा’ म्हटल्यावर ग्रंथपाल जी यादी करून देतात तिला ‘व्ह्यू’. या तीन कल्पना कळल्या की ड्रुपलचा निम्मा डोंगर चढून होतो. पहिल्या धड्यात आवृत्ती म्हणजे काय आणि ती कुठे पाहायची एवढंच सांगावं. शोधाचं ते 3 आणि 2 चं प्रकरण चौथ्या-पाचव्या धड्यात यावं. शेवटच्या धड्यात अधिकृत इंग्रजी पुस्तिका कशी वाचायची हे शिकवावं, म्हणजे आधी इंग्रजी शिका म्हणणाऱ्यांचीही सोय होईल. त्यांनी सुचवलेला क्रम फक्त उलटा होईल.

जागेची अडचण सांगू नये. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे, कस्तुरबा गांधी मार्गावर सदन आहे. रविवारी सकाळी दोन तास एखादी खोली मिळवणं हे दिल्लीच्या मराठी मंडळींना अशक्य नाही. याहून अवघड गोष्टी त्यांनी करून दाखवल्या आहेत. जुन्या राजेंद्रनगरातली आणि मुखर्जीनगरातली मुलं मेट्रोने येतील. पुण्यातल्या जाणकारांनी व्हिडिओवरून शंका सोडवाव्यात.

आणि देखभालीचं आधीच ठरवावं, कारण मागची कामं तिथेच मोडली. प्रत्येक धड्याच्या माथ्यावर तो कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या तारखेला तपासला ते छापावं. ड्रुपलची नवी उपआवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी, जून आणि डिसेंबरच्या सुमारास येते. त्या दोन महिन्यांत दोन माणसांनी बाराही धडे आपल्या संगणकावर पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहावेत. त्यातलं एक जण जाणतं असावं आणि दुसरं आदल्या तुकडीत शिकून गेलेलं, म्हणजे कुठे अडखळायला होतं ते खरं कळेल. जो धडा चालला नाही तो त्याच दिवशी खाली उतरवावा आणि दुरुस्त होईपर्यंत कोणाच्या हाती देऊ नये.